मालवण तालुका गोड्या पाण्यावरून वाचावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांचं गाव मालवण तालुक्यात, तुमचा जन्म आणि शिक्षण डोंबिवलीचं, आणि आता भूगोलाच्या प्रकल्पासाठी हाच तालुका निवडलाय. तालुका एवढासा, एसटीनं दीड-दोन तासांत पार होणारा. तरी आजोबांच्या गावात भात आणि गुरं, आत्याच्या गावात माड आणि होड्या, मधल्या गावात नुसता काळा कातळ. माणसांचे धंदे, घरांची तोंडं, बोलण्याचा हेल, सगळंच पाच-सात मैलांत बदलतं. हे एवढ्याशा जागेत कसं, आणि अभ्यासाला हात कुठून घालायचा?

मी भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होतो. नोकरीची तेहतीस वर्षं झाली, त्यातली बरीचशी याच तालुक्यात गेली. सुरुवात तेहतीस फुटी शंकू साखळीनं केली, शेवटी यंत्रं आली. उन्हातून आलेल्या माणसाला आमच्याकडे आधी गूळ आणि पाणी देतात. त्या तांब्यातल्या पाण्याच्या चवीवरून मला कळायचं, की आज साखळी कुठल्या जमिनीत पडणार आहे. सड्याखालच्या, म्हणजे सपाट कातळी माथ्याखालच्या, झऱ्याचं पाणी गार आणि अगदी पातळ लागतं. मळ्यातल्या बावीच्या, म्हणजे विहिरीच्या, पाण्याला मातीचा वास असतो. खाडीकाठच्या गावात पाणी मेमध्ये जिभेच्या मागच्या बाजूला मचूळ लागायला लागतं. तेव्हा माझं उत्तर हेच: तालुक्याचा नकाशा पुढे घ्या आणि गोडं पाणी कुठे पडतं, कुठे थांबतं आणि कुठे खाऱ्याला मिळतं, एवढ्या तीन खुणा आधी करा. रस्ते, गावांच्या हद्दी, शाळा, देवळं त्यानंतर काढा. माणसं त्या तीन खुणांच्या आधारानं वसली आहेत.

आधी चौकट सांगतो. उत्तरेला आचऱ्याची खाडी, पलीकडे देवगड तालुक्यातलं मुणगे. दक्षिणेला कर्लीची खाडी, पलीकडे वेंगुर्ले तालुक्यातलं भोगवे. मधून गड नदी येते, ती सह्याद्रीतून निघून कणकवलीवरून उतरते आणि मसुऱ्याखाली तिची कालावल खाडी होते. शहराच्या अगदी उशाला कोळंबची लहान खाडी. पूर्वेला जमीन चढत कणकवली आणि कुडाळ तालुक्यांत जाते. म्हणजे तालुका तीन मोठ्या आणि एका लहान खाडीमध्ये अडकलेला आहे. या खाड्यांवर पूल अलीकडचे. त्याआधी पलीकडच्या गावात जायला तरीची होडी, नाहीतर वरच्या अंगानं मोठा वळसा. त्यामुळे खाडीच्या समोरासमोरच्या काठांवरचे लोक एकमेकांना रोज बघायचे आणि सोयरीक मात्र आपल्याच काठावर जुळवायचे. हेल बदलतो तो इथे. मालवणीत ‘खंय’, ‘थंय’, ‘माका’, ‘तुका’ सगळीकडेच आहे, पण शब्द कुठे ओढायचा आणि कुठे तोडायचा ते काठाकाठानं ठरलेलं आहे.

आता सडा. समुद्रापासून थोडं आत आलं की जमीन एकदम उठते आणि वर टेबलासारखी सपाट होते. हा जांभ्याचा कातळ, साधारण पन्नास ते शंभर मीटर उंचीवर. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस यावर पडतो, जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. बाहेरचा माणूस विचारतो, एवढा पाऊस पडून मेमध्ये टँकर कसा लागतो? कारण कातळावर माती बोटभर. काही पाणी सरळ व्हाळांनी, म्हणजे ओढ्यांनी, खाली धावतं आणि दोन दिवसांत खाडीत जातं. उरलेलं जांभ्याच्या भोकांतून झिरपतं, खालच्या पांढरट चिकणमातीच्या थराशी अडतं आणि आडवं सरकत सड्याच्या पायथ्याशी झरा होऊन फुटतं. गावाचं पहिलं पाणी हेच. तुम्ही कुठल्याही जुन्या गावात जा, ग्रामदेवतेचं देऊळ, मूळ घर आणि पोफळीची बाग बहुतेक या झऱ्याच्या रेषेवर सापडतील. देऊळ आधी की झरा आधी, हा प्रश्न मी म्हाताऱ्या माणसांना पुष्कळदा विचारला. उत्तर नेहमी एकच येई, की देवानं जागा पाण्यासाठीच धरली.

सडा ओसाड आहे असं कोणी लिहिलं तर मला राग येतो. आमच्या जुन्या कागदांत त्याला वरकस किंवा पोटखराबा म्हटलंय, म्हणजे सरकारच्या हिशेबी कमी मोलाचं. पण गावाची गुरं तिथेच चरतात, पावसाळ्यात कातळावर पाणी साचून सीतेची आसवं आणि गेंद फुलतात, आणि पायथ्याच्या सगळ्या बावींचं पाणी तिथूनच येतं. तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर तर माणसानं कातळात कोरलेल्या आकृत्या आहेत. कोकणातल्या कातळशिल्पांची जी यादी २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यात सिंधुदुर्गातलं नाव कुडोपीचं आहे. म्हणजे फार जुन्या काळीसुद्धा लोक या कातळावर वावरत होते. आज चिरेखाणींसाठी, म्हणजे घराच्या जांभ्या दगडांसाठी, सडे कापले जातात. चिरा लागतोच, माझंही घर चिऱ्याचं आहे. पण खाण कुठे घालायची हे ठरवताना खालच्या झऱ्याचा विचार होताना मी फार कमी वेळा पाहिला. खाण वर पडते आणि चार-पाच वर्षांनी खालच्या वाडीतली बाव मार्चमध्येच तळ दाखवते. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

सड्याखाली मळा. दोन सड्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत भात. तुमच्या आजोबांचं गाव हे असणार. इथे शेताचे तुकडे इतके लहान, की टिपणावर, म्हणजे मोजणीच्या कच्च्या नकाशावर, काढताना हात थरथरायचा. एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट. दीड-दोन गुंठ्यांचे कोपरे आणि त्यावर सातबाऱ्याला चाळीस नावं, हे रोजचं. ज्या मळ्यात पाणी जास्त दिवस राहतं तिथे उन्हाळ्यात दुसरं भात घेतात, त्याला वायंगण म्हणतात. आचऱ्याजवळ वायंगणी नावाचं गावच आहे. पण असे मळे थोडे. बाकीच्यांना वर्षात एकच पीक, आणि त्या एका पिकाचा उकडा तांदूळ घरच्यांना सगळं वर्ष पुरत नाही.

पाणी थांबवता आलं तर काय होतं ते धामापूरला बघा. दोन टेकड्यांच्या मधला व्हाळ अडवून १५३० साली बांधलेला तलाव तिथे आहे, काठावर भगवतीचं देऊळ. २०२० साली त्याला जागतिक सिंचन वारशाचा मान मिळाला. पाचशे वर्षांच्या जवळ आलेला हा बांध अजून पाणी देतो, मालवण शहराच्या नळालाही. त्याखालच्या बागा मी मोजल्या आहेत. मेच्या अखेरीस, आजूबाजूचं सगळं पिवळं पडलेलं असताना, तिथे पोफळीखाली चिखलातून चालावं लागायचं.

मळा जिथे खाडीला टेकतो तिथे खाजण. भरतीचं खारं पाणी नदीतून मैलोनमैल आत येतं. ते बांध घालून अडवायचं, बांधाला उघाडी, म्हणजे झडपेचं तोंड, ठेवायची, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला झडप बंद. पावसानं मीठ धुऊन निघालं की भात लावायचा. हे काम एकट्याचं नाही. एका जागी बांध फुटला तर सगळ्यांची शेतं खारी होतात, म्हणून बांधावर पाळीनं माणसं लागत. मुंबईनं ती माणसं नेली तेव्हा पहिली गेली ती खाजणं. बांध फुटले, चिपीची खारफुटी वाढली, आणि आमच्या नकाशावर ‘भात’ लिहिलेल्या नंबरांत आता कांदळवन उभं आहे. कांदळवनाचं मोल मला कळतं, मासळी तिथेच वाढते. तरी ज्या घरानं तीन पिढ्या तिथे भात खाल्लं त्या घरच्या माणसाबरोबर त्या चिखलात उभं राहून मोजणी करताना वाईट वाटायचंच.

आता किनारा, आणि इथे मी जरा थांबणार आहे. नकाशावर नीट बघा: तालुक्यात वाळूच्या दोन लांब जिभा आहेत. उत्तरेला तोंडवळीपासून तळाशीलपर्यंत, दक्षिणेला तारकर्लीपासून देवबागपर्यंत. दोन्हींचं टोक दक्षिणेकडे. समुद्राजवळ आलेली नदी सरळ समुद्रात न जाता या जिभेच्या मागून दक्षिणेला वळते आणि टोकाशी जाऊन मिळते. गड नदी तळाशील आणि सर्जेकोटाच्या मध्ये, कर्ली देवबाग आणि भोगव्याच्या मध्ये. अरुंद जागी उभं राहिलं की एका कानाला लाट आणि दुसऱ्या कानाला खाडीतल्या होडीचं इंजिन ऐकू येतं.

अशा वाळूवर माणूस राहतो कसा? पावसाचं पाणी वाळूत मुरतं, आणि गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असल्यानं खाऱ्याच्या डोक्यावर तरंगतं. शास्त्राचा हिशेब असा, की जमिनीतल्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक फूट वर असेल तर खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी असतं. उलटंही तितकंच खरं: वरचं थोडं जास्त ओढलं की खालचं खारं भराभर वर येतं. जुन्या लोकांना हा आकडा माहीत नव्हता, पण त्यांच्या बावी उथळ असत आणि घागरीनं पाणी काढत. एकदा मे महिन्यात देवबागेत एकाच घराच्या परड्यातल्या दोन बावींचं पाणी मी प्यालो. एकीवर राट (रहाट) होता, ती गोडी. दुसरीवर दोन वर्षांपूर्वी पंप बसवलेला, ती मचूळ. दोहोंत अंतर होतं साठ-सत्तर फूट. पर्यटनानं या गावांना पैसा दिला आणि तरुण पोरं गावात राहिली, ही मोठी गोष्ट आहे, मी ती कमी लेखत नाही. पण प्रत्येक खोलीला न्हाणीघर आणि प्रत्येक न्हाणीघराला शोषखड्डा, तोही त्याच वाळूत, हे त्या पाण्याला फार दिवस झेपणारं नाही. तुमच्या प्रकल्पात एवढा एक विषय घेतलात तरी गावाच्या उपयोगी पडेल.

तिथलीच दुसरी एक मोजणी. देवबागेत जमिनीचे तुकडे लांबट पट्ट्यांसारखे आहेत, एक टोक समुद्राला, दुसरं खाडीला. एका आजींच्या पट्टीची पोटहिस्सा मोजणी होती. टिपणावर लांबी अकरा साखळ्या. खाडीकडच्या दगडापासून सुरुवात केली आणि नवव्या साखळीला माझा माणूस गुडघाभर पाण्यात होता. आजी वाळूत बसून बघत होत्या. त्यांनी लाटेकडे बोट केलं: “थंय माझ्या सासऱ्यान लायलेले तीन माड होते. आता थंय तारली गावता.” म्हणजे माडांच्या जागी आता मासळी मिळते. सातबाऱ्यावर क्षेत्र जुनंच होतं, आणि चार भाऊ त्या जुन्या क्षेत्राचे चार वाटे मागत होते. मी नकाशावर लाटेची रेषा काढली, तारीख घातली आणि चौघांच्या सह्या घेतल्या. फयान वादळ २००९चं, तौक्ते मे २०२१चं. पण वाळू जाते ती फक्त वादळात नाही. नदीतून वाळू खाली आली तर जीभ जगते. दोन्ही खाड्यांत वाळूचा उपसा चालत आलाय आणि समुद्राच्या बाजूनं दगडी बंधारे घातले जातायत. माझ्या मते उपशाचा आणि धुपीचा हिशेब एकाच कागदावर मांडल्याशिवाय बंधाऱ्याचा खर्च वाया आहे.

या किनाऱ्यावर गाबीत समाज मासेमारीचा. रापण अजून काही ठिकाणी बघायला मिळते. होडीतून जाळं अर्धवर्तुळात टाकत नेतात, आणि मग दोन्ही टोकांना वीस-पंचवीस माणसं लागून ते वेळेवर ओढतात. वेळ म्हणजे आमच्याकडे किनारा. ओढणाऱ्याला वाटा, जाळ्याला वाटा, होडीला वाटा. तारली, पेडवे, बांगडा असं किनाऱ्याला येणारं मासं रापणीचं. यांत्रिक बोटींची मोठी पर्ससीन जाळी मासळी बाहेरच गोळा करतात तेव्हा रापणीला रिकामं जाळं ओढावं लागतं. मालवणच्या समुद्रात झालेली बरीच भांडणं या कारणानं आहेत. १९८७ साली इथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी त्याच्या गाभ्यात. मच्छीमारांना न विचारता काढलेल्या रेषेवर लोकांचा विश्वास बसत नाही, हे मोजणीदार म्हणून मी शपथेवर सांगीन.

वाळूवरचे माड भंडाऱ्यांचे, माडी काढणं हे त्यांचं पिढीजात कसब. मळ्यातली शेती बहुतांशी मराठा घरांची, बागायतीत ब्राह्मण, देवळी आणि इतर घरं, प्रत्येक गावात जुना महारवाडा, जो आज बौद्धवाडी आहे आणि जो बहुतेक ठिकाणी झऱ्यापासून लांब आहे. ही गोष्टसुद्धा नकाशावर टाका. कुणाच्या वाट्याला कुठलं पाणी आलं हे भूगोलानं ठरवलं नाही, माणसांनी ठरवलं. काही वाड्यांत स्वतःची बाव पाडायला परवानगी मिळवण्यातच पिढी गेली.

किल्ल्याबद्दल सगळे लिहितात, म्हणून मी थोडंच लिहितो. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर पाया घातला, १६६७मध्ये काम पुरं झालं. अठ्ठेचाळीस एकरांचं खडकाळ बेट, चहूबाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या बावी. किल्ल्याला ही जागा मिळाली त्यात या बावींचा वाटा तटाइतकाच आहे असं मी मानतो. २०२५ साली मराठा लष्करी स्थापत्याबरोबर किल्ला जागतिक वारसा यादीत गेला. तिथे गेलात तर तट बघाच, पण बावींपाशी जरा जास्त वेळ थांबा.

मग मुंबई. एका पिकाचं भात पुरत नाही, धाकट्या भावाला वाट्याला दोन गुंठे, आणि बंदरातून बोट सुटते. गिरण्यांना माणसं हवी होती. घरटी एक पुरुष गेला आणि चाकरमानी झाला. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ला रत्नागिरीतून वेगळा झाला. २००१च्या जनगणनेत इथे हजार पुरुषांमागे १०७९ बायका होत्या, २०११ला १०३६. त्याच दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली, म्हणजे घटली. मला हे आकडे वाचण्याआधी नोटिसांवरून दिसलं होतं. मोजणीची नोटीस सगळ्या सहहिस्सेदारांना जाते. मी लागलो तेव्हा पत्ते परळ, लालबाग, शिवडीच्या चाळींचे असत. १९८२च्या संपानंतर हळूहळू ते बदलले: नालासोपारा, दिवा, डोंबिवली. तुमच्या घरीही अशी एखादी नोटीस आली असेल. आणि गावात मोजणीच्या वेळी हद्दीचा दगड दाखवायला येई ती बहुधा घरातली बाई. कोकणातल्या शेतांच्या मेरा, म्हणजे बांध, बायकांना तोंडपाठ आहेत, नावं मात्र पुरुषांची. तुम्ही माहिती घ्यायला जाल तेव्हा ओटीवर बसलेल्या माणसाशी बोला, पण मागीलदारीही जा.

रेल्वेनं आणखी एक केलं. १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, पण तिचं एकही स्थानक या तालुक्यात नाही. उतरायचं कणकवली, कुडाळ किंवा सिंधुदुर्गला. बोटीच्या काळी मालवण बंदर हा पुढचा दरवाजा होता, आतली गावं मागची. आता लोक कसालवरून येतात आणि किनारा रस्त्याच्या शेवटाला पडलाय.

गावऱ्हाटी, बारापाच, कौल, गाऱ्हाणं, म्हणजे गावाची देवळाभोवतीची रीत आणि देवाला विचारून निर्णय घेणं, हा स्वतंत्र अभ्यास आहे, त्यात इथे शिरत नाही. दोनच गोष्टी भूगोलाच्या बाजूनं बघा. मसुऱ्याची वाडी असलेल्या आंगणेवाडीची भराडीदेवीची जत्रा ठरलेल्या तिथीला नसते, दरवर्षी देवीचा कौल घेऊन तारीख ठरते, आणि मग मुंबईहून गाड्या भरून येतात. आणि आचऱ्याची गावपळण: तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला की सगळा गाव गुरंकोंबड्यांसकट तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन झोपड्यांत राहतो. त्या दिवसांत गावाची हद्द नेमकी कुठे आहे हे शाळेतल्या पोरालाही पायानं कळतं. माझ्या कुठल्याही नकाशानं ते इतकं पक्कं शिकवलं नसतं.

सुरुवात अशी करा. मेच्या तिसऱ्या आठवड्यात या, गणपतीत नको, तेव्हा सगळीकडे पाणी असतं. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून आजोबांच्या गावाचा गटनकाशा घ्या. पहिल्या दिवशी सड्यावर चढा आणि पायथ्याचे झरे शोधत खाली उतरा. दुसऱ्या दिवशी व्हाळाच्या काठानं मळ्यातून खाजणापर्यंत चाला, फुटलेला बांध आणि उघाडी कुठे होती ते विचारा. तिसऱ्या दिवशी देवबाग किंवा तळाशील. प्रत्येक घरी गूळ-पाणी देतील. पाणी प्या, चव वहीत लिहा, बावीची खोली, राट आहे की पंप, पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं आणि भरायला कोण जातं, एवढं विचारून गटनंबराशी नोंद करा. साठ-सत्तर बावी झाल्या की त्या नकाशावर मांडा. मग ऑगस्टमध्ये परत येऊन त्याच बावींचं पाणी पुन्हा प्या.